खालच्या गल्लीची दहा मिनिटं

“काका, असे उन्हात उभे राहू नका. बसा,” असं म्हणत शिवणवाल्या ताईंनी घरातून खुर्ची आणली आणि माझ्या मागे ठेवली. मी बसलो. समोर अख्खी गल्ली रस्ता खणत होती आणि मी लग्नातल्या व्याह्यासारखा खुर्चीत बसलो होतो.

मी पाणी सोडणारा माणूस. छातीइतकी उंच लोखंडी चावी खांद्यावर घेऊन एकवीस वर्षं याच दोन गल्ल्यांच्या चेंबरची झाकणं उघडून व्हॉल्व्ह फिरवत आलो आहे. माझं नाव कुणी घेत नाही, सगळे ‘चावीवाले काका’च म्हणतात. आमच्याकडे पाऊस नावापुरता पडतो, त्यामुळे पाणी पाचव्या दिवशी येतं. टाकी भरली की तिचं पाणी ऐंशी मिनिटं पुरतं. त्यातली पहिली चाळीस मिनिटं खालच्या गल्लीची आणि पुढची चाळीस चढावरच्या गल्लीची, असं पाणीपुरवठा ऑफिसचं पत्रक आहे. खालच्या गल्लीत मी राहतो, आणि हे लोक खणत होते ती चढावरची गल्ली.

पाइपात अडकलेला गाळ ते शोधत होते. गाळ अडकलाय हे त्यांना मीच सांगितलं होतं, आणि पाइपात कसलाही गाळ नाही हे त्या सगळ्या गर्दीत मला एकट्यालाच ठाऊक होतं.

बस चालवणारा एकजण सुट्टीच्या दिवशी कुदळ घेऊन उतरला होता. जमीन अशी कडक, की कुदळ आपटली की उलटी हातात यायची. त्याच्या मागे दोघे-तिघे फावडी घेऊन होते. ताई घमेल्यानं माती उचलत होत्या. त्यांचे सासरे, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, छत्री धरून खड्ड्याच्या काठावर उभे होते आणि दर पाच मिनिटांनी “सावकाश रे, पाइपाला लागेल,” असं बजावत होते. या खणण्याच्या परवानगीसाठी मास्तरांनी वर्षभर ऑफिसच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. शेवटी साहेबांनी कंटाळून सांगितलं, “आमच्याकडे माणसं नाहीत. तुम्हीच खणा, फक्त आमचा माणूस हजर ठेवा.” तो हजर ठेवलेला माणूस म्हणजे मी.

“काका, पाणी घ्या,” ताईंनी पेला पुढे केला. पाचव्या दिवशी येणाऱ्या पाण्यातला, काठोकाठ भरलेला पेला. नको म्हणायला तोंड उघडलं, पण काय कारण सांगणार? प्यायलो.

हे सुरू कसं झालं तेही सांगून टाकतो. चार वर्षांपूर्वी माझी बायको अंथरुणाला खिळली. दिवसातून तीन-तीनदा चादरी बदलायला लागायच्या, तिला पुसून घ्यायला लागायचं. सून बिचारी बादल्या वाहून वाकून गेली. एका पाळीला मी खालची चावी चाळीस मिनिटांनी फिरवायला गेलो आणि हात थांबला. आणखी दहा मिनिटं जाऊ दिली. टाकी भरायची वेळ दर पाळीला वेगळी असते, त्यामुळे पाणी कधी सोडलं आणि कधी वळवलं हे माझ्याखेरीज कुणाला कळत नाही. अकरा महिने असं चाललं, मग ती गेली. चादरी संपल्या. दहा मिनिटं मात्र मी परत केली नाहीत.

का केली नाहीत? खरं सांगायचं तर आधी दुःखात राहून गेलं आणि मग सवय झाली. माझी गल्ली माझ्यावर खूश होती. आमचा शेजारी त्या शेवटच्या दहा मिनिटांत स्कूटर धुवायचा आणि मला हात करायचा. मलाही बरं वाटायचं, उगाच का खोटं बोलू.

पण पाण्याला तो चढ चढायलाच बारा मिनिटं लागतात. त्यामुळे शेवटच्या घरी, म्हणजे ताईंच्याच घरी, अठ्ठावीस मिनिटांची अठराच उरायची. त्यांनी दोन वर्षांपूर्वी मला रस्त्यात गाठून विचारलं होतं, “काका, पूर्वी आमची दोन पिंपं भरायची. आता एकसुद्धा काठाला येत नाही. असं का हो?” मी क्षणाचाही विचार न करता बोलून गेलो, “पाइप जुना झाला, ताई. गाळ बसलाय. पाणी चढायला वेळ लागतो.” इतक्या सहज थाप मारता येते हे मला त्या दिवशी कळलं.

दुपारी कधीतरी पाइप लागला. गल्लीनं बोलावलेल्या प्लंबरनं करवतीनं हातभर तुकडा कापला आणि मास्तरांच्या हातात दिला. मास्तरांनी तो दुर्बिणीसारखा डोळ्याला लावला. मग ताईंनी पाहिलं, मग ड्रायव्हरनं. आरपार ऊन दिसत होतं. आत बोट घातलं तर लालसर डागसुद्धा लागला नाही.

“स्वच्छ आहे की,” ड्रायव्हर म्हणाला.

कुणीतरी आता माझ्याकडे बघेल, असं मला वाटलं. सगळ्यांनी बघितलंही, पण भलत्याच विश्वासानं.

“म्हणजे गाळ आणखी वर असणार,” ताई म्हणाल्या. “काका, पाइप तुम्हाला ठाऊक. दुसरा खड्डा कुठे घ्यायचा तेवढं दाखवा.”

त्या वेळी तरी मी बोलायला हवं होतं. पण मी खुर्चीतून उठलो, चार घरं वर चालत गेलो आणि चपलेनं रस्त्यावर एक रेघ ओढली. “इथे बघा,” म्हणालो. माझ्या आयुष्यात मी केलेली सगळ्यात हलकी गोष्ट कोणती, असं कुणी विचारलं तर मी ती रेघ सांगेन. दहा मिनिटांना निदान आजारपणाचं निमित्त होतं. या रेघेला काहीच नव्हतं.

त्यांनी खुर्चीसुद्धा माझ्यामागून वर आणली.

दुसरा खड्डा गुडघ्याएवढा झाला तेव्हा ताई घमेलं खाली ठेवून घरात गेल्या. बाहेर आल्या त्या उजव्या तळव्याला अस्तराच्या कापडाची पट्टी गुंडाळत. पट्टीवर लाल ठिपका उमटला होता.

“फोड फुटला का?” मास्तरांनी विचारलं.

“फुटू दे, मामंजी. दोन दिवस मशीन बंद राहील, एवढंच. पण एकदाचं पाणी तरी येईल.”

त्या पुन्हा घमेल्याकडे वाकल्या. मी उभा राहिलो.

“थांबवा,” मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला, की कुणाला ऐकू गेला नाही. मग ओरडलोच, “थांबवा हो! पाइपात काही नाही.”

कुदळ थांबली. “मग पाणी जातं कुठे?” ड्रायव्हरनं विचारलं.

“माझ्या गल्लीत.”

तो हसला. त्याला वाटलं, काका उन्हानं थकले, गंमत करताहेत. मग माझा चेहरा बघून त्याचं हसू विरलं. मी सगळं सांगितलं. चाळीसची पन्नास, गाळ कसा सुचला, सगळं. बोलताना मी त्या कापलेल्या पाइपाच्या तुकड्याकडे बघत होतो. माणसांकडे बघायची हिंमत नव्हती.

“आणि सकाळपासून बघत बसलात?” ड्रायव्हर म्हणाला. “मजा आली?” त्यानं कुदळ माझ्या पायाशी टाकली. मास्तरांनी छत्री मिटली. त्यांनी वर्षभर लिहिलेल्या अर्जांत प्रत्येक वेळी ‘गाळ’ हा शब्द होता, आणि तो मीच त्यांना पुरवला होता.

ताईंनी एवढंच विचारलं, “कधीपासून?”

“बायको आजारी पडली तेव्हापासून.”

“काकूंना जाऊन तीन वर्षं झाली ना?”

“हो.”

“त्यांचे मागून उघडणारे गाऊन मीच शिवून दिले होते. आठवतं? चादरी किती लागतात ते मला माहीत नव्हतं का?” त्या जराही चढ्या आवाजात बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. “तेव्हा नुसतं सांगितलं असतंत, तर दहा मिनिटं आम्हीच दिली असती, काका.”

मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. खड्डा बुजवायला फावडं उचललं, तर ड्रायव्हरनं ते माझ्या हातातून काढून घेतलं. “राहू द्या,” म्हणाला. “जा घरी.” मी उतार उतरून आलो.

ऑफिसात मी स्वतःच जाऊन सांगितलं. साहेबांनी मेमो दिला, घरी बसवलं नाही. या दोन गल्ल्यांचे व्हॉल्व्ह चावीच्या किती फेऱ्यांना अडतात हे दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही, एवढीच माझी किंमत. संध्याकाळी शेजाऱ्यानं दारातच अडवलं. “नसता शहाणपणा कुणी सांगितला होता तुम्हाला? आपल्याच गल्लीच्या मुळावर उठलात!” सून आतून सगळं ऐकत होती. तिनं ताट वाढलं. मग म्हणाली, “बाबा, त्या ताईंनी आईंच्या गाऊनची शिलाई घेतली नव्हती.” हे मला माहीत नव्हतं.

चढावरच्या गल्लीनं कापलेला पाइप जोडून घेतला आणि ठरवलं, की यापुढे प्रत्येक पाळीला त्यांच्यातलं कुणीतरी घड्याळ घेऊन चेंबरपाशी उभं राहील. एकवीस वर्षांत माझ्याजवळ कुणी घड्याळ घेऊन उभं राहिलं नव्हतं.

पहिल्या पाळीला ताई आल्या. हाताला अजून पट्टी होती. नमस्कार नाही, चमत्कार नाही. खुर्ची तर नाहीच. मी खालच्या गल्लीचं पाणी सोडलं आणि दोघं झाकणाच्या दोन बाजूंना उभे राहिलो. शेजाऱ्यानं स्कूटर बाहेर काढली होती. आम्हाला बघून ती परत आत नेली.

मी मनाशी एक ठरवून आलो होतो. दर पाळीला माझ्या गल्लीची दोन मिनिटं कापायची आणि वरच्या गल्लीला द्यायची. फिटेल तेवढं फिटेल. अडतीस मिनिटं होताच मी चावी व्हॉल्व्हवर बसवली.

“झाली, ताई. वळवतो तुमच्याकडे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मनगट वळवून स्वतःचं घड्याळ पाहिलं.

“अजून दोन मिनिटं आहेत,” त्या म्हणाल्या. “तुमच्या गल्लीची.”

चावीला हात लावून मी ती दोन मिनिटं उभा राहिलो.