पांदणीनं आलो

"ताई, त्या साहेबानं तुमच्या कानाखाली वाजवली, तवा तुमी उलटून काहून नाही वाजवली?"

प्रश्न आकांक्षाच्या तोंडचा, पण डोकं आरतीचं. मधल्या सुट्टीत चिंचेखाली पोट्ट्यांची पैज लागली होती. ठाण्यातून पोलीस मॅडम येणार, मुलींच्या सुरक्षेवर चार गोष्टी सांगणार, मग 'कोणाला काही विचारायचं आहे का' म्हणणार, अन् दहावीच्या झाडून साऱ्या पोरी माना खाली घालून चपला मोजणार, हे ठरलेलंच. आरती म्हणाली, येणारी बाई तीच आहे, फाट्यावरच्या नाक्यावरची. आहे का कोणाची छाती?

मागच्या सालची आकांक्षा असती तर बाकाखाली शिरली असती. पण दिवाळीआधी वक्तृत्वात तालुक्यातून पहिली आल्यापासून तिची जीभ वासरू सुटल्यासारखी सुटली होती. शिवाय माघार घेतली असती तर पोरींनी विचारलं असतं, का गं बाई, आजच का मूग गिळले? अन् त्याचं उत्तर तिला द्यायचं नव्हतं.

मुख्याध्यापक सरांचं तोंड शेकलेल्या वांग्यासारखं झालं. त्यांनी तिला बसवायला हात वर केला, पण मॅडमच म्हणाल्या, राहू द्या सर. प्रतीक्षाताई त्यांचं नाव. अंगानं काटक, बाळापूरकडच्या शेतकऱ्याची पोर. बोलणंही गावचंच.

"उलटून मारली असती, तर आज तो साहेब फिर्यादी असता अन् मी आरोपी. आंगावर वर्दी असली का हात आपला नसते, बाळा."

मग त्यांनी सांगितलं ते पुस्तकातलं नव्हतं. साहेब दारू पिऊन गाडी चालवत होता, हे डॉक्टरानं लिहून दिलं, म्हणून तो निलंबित झाला. पिल्याचं कबूल, मारल्याचं नाही. उलट त्याचंच म्हणणं की पोलीसवालीनं मला ढकललं. संगं बसलेला इंजिनेर त्याच्या बाजूनं बोलला. जोडीदार हवालदार तेव्हा पलीकडं ट्रकचे कागद पाहत होता. कोणीतरी मोबाईलवर घेतलं तेही थप्पड होऊन गेल्यावरचं. त्यात दिसते काय, तर ताई साहेबाचा हात धरून उभ्या. सोमवारी चौकशीचे शेवटचे जबाब. तोवर कोणी पाहिलं म्हणून पुढं आलं नाही, तर साहेब खुर्चीवर जाईल अन् ताईची बदली कुठंतरी लांब जंगलात.

"माही टोपी गाऱ्या-चिखलात पडली होती," ताई म्हणाल्या. "कोणीतरी मागून उचलून हातात देली. मी वळेपर्यंत तो माणूस गाडी घेऊन निघून गेला. ठाण्यात येऊन पायतो तं टोपीवर राखेचे पाच बोटं. लहान हाताचे. त्या हाताले धुंडून राह्यली मी."

आकांक्षानं उजवा हात हळूच बाकाखाली नेला. पंधरा दिवस झाले होते, राख कधीचीच धुऊन गेली होती. तरी नेला.

पैज ती जिंकली. पोरींनी पाठीवर थापा मारल्या, आरतीनं कबूल केल्याप्रमाणे आवळे दिले. पण घरी जाताना तिला आवळ्याची चवच लागली नाही.

झालं होतं असं. मार्गशीर्षात अवकाळी तीन दिवस झोडपत राहिला. काळी माती ती, पाणी प्यायली की माणसाला सोडत नाही. चप्पल जागेवर राहते अन् पाय एकटाच पुढं जातो. आकांक्षाच्या बापाची, मनोजची, वांग्याची वाडी पांदणीवर, म्हणजे वावरावावरांतून जाणाऱ्या कच्च्या वाटेवर. गाडी सोडा, बैल घातला तर बैल फसायचा. वांगं डोक्यावरच बाहेर काढायचं. दोन वर्षं उमरटेक गाव त्या पांदणीसाठी अर्ज करत होतं, अन् अर्ज लिहायचं काम अक्षर चांगलं म्हणून आकांक्षाचं.

तर माजी सरपंच नत्थुजी यांनी तोड काढली. रस्त्यांची कामं ज्याच्या हातात, त्या कचेरीतल्या हरणे साहेबाला महादेवाच्या पारावर रोडग्यांचं जेवण द्यायचं. मनोजचे रोडगे पाच गावांत नावाजलेले. गव्हाच्या जाड पिठाच्या पुऱ्या एकावर एक ठेवून त्याचा गोळा वळायचा, गोवऱ्यांच्या आरात भाजायचा, राखेतून काढून गोणपाटावर झटकायचा अन् तुपात बुडवायचा. त्या रविवारी वळायचं काम बापाचं, झटकायचं अन् बुडवायचं काम आकांक्षाचं. राख अन् तूप एकदा हाताच्या रेषांत बसलं की साबणाचंही ऐकत नाही.

साहेब बारा वाजता आला, संगं इंजिनेर. शुद्धीत होता तेव्हा मोठा गोड माणूस. आकांक्षानं सकाळीच लिहिलेला ताजा अर्ज त्यानं हातात घेतला, अक्षर कोणाचं विचारलं, शाबासकी दिली अन् दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून सही ठोकून तारीखही टाकली. नत्थुजींनी बापाकडं पाहून डोळा मारला, झालं म्हणून समज. मग साहेब अन् इंजिनेर गाडीत जाऊन बसले. देवाच्या पारावर बाटली नको एवढी लाज त्यांना होती. गाडीत बसायचे, येऊन वांग्याची भाजी अन् रोडगा खायचे, पुन्हा गाडीत. बापानं सकाळपासून पोटात काही घातलं नव्हतं. रोडगे करणाऱ्यानं पंगत उठल्याशिवाय जेवू नये असा त्याच्या घरचा नेम. पंगत काही उठेना. चार वाजता उठली तेव्हा साहेबाला गाडीचं दार सापडत नव्हतं. बापानं हात जोडून म्हणून पाहिलं, साहेब, थोडं पडा, मग जा. साहेब म्हणाला, मले शिकवतो का बे.

बापलेक मोटारसायकलीवर भाजीचा गंज अन् परात बांधून मागून निघाले. पारापासून गावात यायच्या वाटा दोन: सरळ पांदण, नाहीतर वळसा घालून डांबरी, फाट्यावरून. पांदणीत गुडघाभर गारा, म्हणून डांबरीनं. फाट्यावर निवडणुकीची नाकाबंदी. साहेबाची गाडी आडवी लागलेली, अन् साहेब पोलीसबाईच्या तोंडाशी बोट नाचवून विचारत होता, मी कोण हाय मालूम हाय का तुले. मग हात उठला. दिवसाढवळ्या. आवाज आकांक्षाला गाडीवर बसल्या बसल्या ऐकू आला. टोपी उडून गाऱ्यात पडली. ती कधी उतरली अन् कधी टोपी उचलून दिली, तिचं तिलाच समजलं नाही. बाप मागून एवढंच म्हणाला, "बस लवकर."

दोन दिवसांनी पोलीस घरी आले. साहेबाच्या गाडीत कागदात बांधलेले रोडगे सापडले होते, अन् रोडगे म्हटले की मनोज. पण नत्थुजी त्यांच्या आधी येऊन पढवून गेले होते. बापानं सांगितलं, मी नाक्यावर नव्हतो, मोटारसायकल घेऊन मी पांदणीनं आलो. तसा जबाब झाला, त्यावर सही झाली. पोलीस गेल्यावर बाप लेकीला म्हणाला, "पाह्यलं ते पोटात ठेवजो. रोडगे खाल्ले लोकाईनं, मातेरं आपलं होईन."

त्या दिवसापासून आकांक्षाच्या पोटात ते ठेवलेलंच होतं. भाकरी पचायची, ते पचत नव्हतं.

आज ती घरी आली तेव्हा नत्थुजी ओट्यावर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होते. बाप वाडीतून चौथी खेप टाकून नुकताच आलेला. मधे पुन्हा एक सर पडून गेली होती, पांदण होती तशीच. त्याच्या पायांना मांडीपर्यंत काळी माती, जणू दुसरे पाय घातले. तो भिंतीला टेकून बसला होता अन् मान सरळ ठेवायचेही त्याला श्रम पडत होते. आई चंदा तांब्यानं त्याच्या पायावर पाणी ओतत होती. माती सुटत नव्हती.

नत्थुजी खुशीत होते. सोमवार गेला की साहेब खुर्चीवर, असं त्यांचं म्हणणं. साहेबानं निरोप धाडला होता, मनोजचं इमान विसरणार नाही म्हणून. मग खर्रा गालात सरकवून ते हसले.

"एक गंमत सांगतो गा मनोज. साहेबाच्या वकिलाजवळ तुह्या जबाबाची नक्कल आली. ते कचेरीत बाबूनं वाचली. हासून हासून लोळला लेकाचा. म्हणे, उमरटेकच्या पांदणीनं मोटारसायकल जाते म्हणते, मंग या लोकाईले रस्ता कायले पायजे?"

नत्थुजींना त्यात हसण्यासारखंच दिसलं. हसत हसतच ते उठले, धोतर सावरलं अन् चिखल चुकवत, कडेकडेनं निघून गेले.

बाप हसला नाही. आईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. आंधळं दळते अन् कुत्रं पीठ खाते, ही म्हण आकांक्षानं निबंधात तीनदा लिहिली होती. ती दिसते कशी, हे तिनं आज पाहिलं.

तिनं दप्तर टेकवलं अन् शाळेत काय झालं ते सांगितलं. प्रश्न, पैज, ताईचं उत्तर, टोपीवरची पाच बोटं. बदलीचंही सांगितलं. आईचं तोंड उतरलं. ती म्हणाली, पोरीचं नाव कागदावर नको, उद्या हिला पाहायला येणारे आधी ठाण्याची गोष्ट विचारतील. ताई काही वाईट नाही, पण ताईचा पगार चालू राहील, आपली वांगी सडतील.

बापानं नखानं पायावरची माती खरवडली.

"मी भेलो म्हणून खोटं नाही बोललो, बेटा," तो म्हणाला. "मी थकलो. वीस वर्सं झाले डोक्श्यावर टोपलं वाहून राह्यलो. वाटलं, एक डाव खोटं बोललो तं रस्ता होईन. तुह्या डोक्श्यावर तं टोपलं येणार नाही."

असं तो कधी बोलला नव्हता. आकांक्षाला तालुक्यात बोललेलं सारं भाषण आठवलं, अन् त्यातला एक शब्दही इथं चालणार नाही हेही समजलं. ती आत गेली. पेटी उघडून लुगड्यांच्या खालून तिनं पोच काढली. कागदाच्या कोपऱ्यावर तुपाचा डाग होता, तिच्याच अंगठ्याचा.

ती दारात उभी राहून वाचू लागली. "'आज रविवार रोजी सदर पांदणीत दोन फूट चिखल असून मोटारसायकल, बैलगाडी तर सोडाच, माणसालाही पायी जाता येत नाही.' खाली तुमची सही, बाबा. बाजूले हरणे साहेबाची. तारीख तेच."

ती उंबरा ओलांडून बापासमोर आली.

"एकाच दिवसाबद्दल तुमी दोन कागदाईवर सही केली," ती म्हणाली. "याच्यात पांदणीनं जाता येत नाही. त्याच्यात तुमी पांदणीनं आले. रस्ता मांगायचा असन तं तो जबाब खोटा. जबाब ठेवाचा असन तं हा अर्ज खोटा. साहेब खुर्चीवर आला तरी त्याच्या हातात कोणता कागद रायीन, बाबा?"

बापानं हात पुढं केला. तिनं कागद दिला. त्याला वाचायला वेळ लागायचा; तो ओठ हलवत वाचत राहिला, पहिल्या ओळीपासून, जणू आपण सही केली तेव्हा हे वाचलंच नव्हतं. वाचून झाल्यावर त्यानं कागदाची घडी घातली अन् मांडीवर ठेवली नाही, मांडीला गारा होता. चंदाच्या हातात दिली.

"जबाब पालटला तं मलेच आत टाकतीन," तो म्हणाला.

"टाकतीन का नाही, ते ताईले विचारू," आकांक्षा म्हणाली. "पण तुमी काही पालटू नोका. तुमी नोका येऊ पायजे तं."

आईनं चमकून वर पाहिलं. लेकीचा आवाज स्पर्धेतला नव्हता. चढलेला नव्हता, थरथरतही नव्हता. विहिरीवरून घागर आणताना पाणी सांडू नये म्हणून चालतात, तसा होता.

"कोंबडं झाकलं म्हणून कोणाची सकाळ थांबत नाही, आई. टोपी मी उचलली. बोटं माहे हायेत," ती म्हणाली. "सोमवारी मी शाळेत नाही जात. प्रतीक्षाताईपाशी जातो अन् पाह्यलं ते सांगतो. पोच संगं नेतो. बाबा, तुमी आले तं गाडीवर जाऊ, नाही आले तं मी एसटीनं जाईन. पण जाईन डांबरीनं. पांदणीनं तं जाता येत नाही न."