बनाबाईंची मुलाखत

आण्णा खोत एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. माणसाला प्रश्न विचारायचा तो दोन शब्दांचा आणि उत्तर यायच्या आत तिकीट त्याच्या हातात ठेवायचं, ही त्यांची जन्माची सवय. "कागल न्हवं?" असं ते विचारायचे आणि समोरची बाई मान हलवायच्या आधी तिकीट फाडून मोकळे व्हायचे. दहातल्या नऊ वेळा ते बरोबरही असायचे, त्यामुळं ही खोड सुटायचं काही कारणच पडलं नाही.

निवृत्त होऊन आठ महिने झाले होते. आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही, ही गोष्ट त्यांना फार लागली होती. तेवढ्यात एका संशोधन संस्थेला मुलाखती घ्यायला माणसं पाहिजेत असं कळलं. विषय होता निवृत्तीनंतरचं घर. हे काम आपल्यासाठीच काढलंय, अशी आण्णांनी स्वतःची समजूत करून घेतली आणि नाव नोंदवून आले.

तिथल्या संयोगिता मॅडम वयानं त्यांच्या लेकीएवढ्या होत्या. दोन दिवस त्यांनी शिकवलं. हो किंवा नाही म्हणून संपेल असा प्रश्न विचारायचा नाही. उत्तर आपण सुचवायचं नाही. समोरचं माणूस गप्प झालं तर मनात दहापर्यंत आकडे मोजायचे आणि मगच तोंड उघडायचं. आण्णांनी हे सगळं वहीत लिहून घेतलं. निवृत्त माणसाच्या बायकोची एक मुलाखत रेकॉर्ड करून आणायची, ती जमली तर काम पक्कं, असं ठरलं.

आण्णा गेले ते थेट गुंडूकडं. गुंडू म्हणजे त्यांच्या गाडीवरचा जुना ड्रायव्हर. पुढं काय झालं ते मॅडमनी दुसऱ्या दिवशी आण्णांच्या फोनमधलं रेकॉर्डिंग लावून त्यांनाच ऐकवलं. "वैनी, गुंडू आता घरात असतोय, बरं वाटत असंल न्हवं?" असं आण्णा विचारत होते. "तर! लई खूश हाय ती," असं गुंडू सांगत होता. त्यापुढं चाळीस मिनिटं दोघंही घाटात ब्रेक निकामी झाल्याच्या आठवणी काढत बसले होते. गुंडूच्या बायकोचा, धोंडुबाईंचा, आवाज एकदाच आला होता. "च्या ठेवू व्हय?" एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

"धोंडुबाईंना काय वाटतं, कळलं का आण्णा?" मॅडमनी विचारलं.

"खूश हाईत की."

"असं कोण म्हणालं?"

आण्णा वहीची पानं चाळायला लागले.

"सोमवारी एक चांगली मुलाखत आणा. नाही जमलं तर मला दुसरं माणूस बघावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "हवं तर घरातच घ्या, तीही चालेल."

म्हणून रविवारी दुपारी आण्णा फुलेवाडीच्या आपल्या घरात बायकोसमोर पाट घेऊन बसले. बनाबाई ताटात तांदूळ निवडत होत्या. आण्णांनी फोन मध्ये ठेवला, चष्मा चढवला आणि मॅडमनी दिलेला कागद वाचायला सुरुवात केली. "तुमास्नी एखाद्या प्रश्नाचं उत्तर नको वाटलं तर देऊ नका. मुलाखत मधीच थांबवायची मुभा तुमास्नी हाय."

बनाबाईंना हसू आवरेना. "तुमास्नी! आणि मुभा! चाळीस वर्सांत कवा दिल्तीसा वं?"

आण्णांच्या तोंडावर उत्तर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. "मी घरात बसल्यापास्नं तुमचा दिवस कसा जातोय, ते सांगा."

"बरा जातोय."

आण्णा मोजायला लागले. सातपर्यंत आले असतील, तोवर बनाबाईंनी तांदळातला खडा काढून बाजूला टाकला.

"खरं सांगू? कांदा चिराय घेतला की तुमी म्हणतासा बारीक चिर. शेजारीण माझ्याकडं आली की तिच्यासंगं तुमीच बोलत बसतासा. आदी दुपारी एक ते चार घर माझं असायचं. आता आठ म्हैनं झालं, मी एकटी म्हणून न्हाय. आंघुळीला जाते तेवढीच."

आपण बायकोला सोबत करतोय, असं आण्णा आजवर समजून चालले होते. मी भाजी आणतो, गिरणीत जातो, जळमटं काढतो, हे सगळं त्यांच्या ओठांवर येऊन दाटलं होतं. एरवी एव्हाना त्यांनी अर्धं घर डोक्यावर घेतलं असतं. पण कागदावर लिहिलं होतं, वाद घालू नये. त्यांनी पुन्हा आकडे मोजले.

या खेपेला बनाबाईंनीच विचारलं, "ह्ये काम लागलं तर रोज जावं लागंल?"

"व्हय. राधानगरीपातूर. सकाळी जायाचं, सांच्याला यायाचं."

"आणि आजची मुलाखत बरी झाली तरच काम?"

"तरच."

बनाबाईंनी ताट बाजूला सारलं. पदर सावरला आणि मांडी घालून ताठ बसल्या. "मग नीट इचारा. मीबी सगळं नीट सांगते. तुमास्नी ह्ये काम लागायलाच पायजे."

कागदावर पुढचा प्रश्न होता, निवृत्तीमुळं घरखर्चात काय फरक पडला. आण्णांनी कागदाची घडी घालून तो खिशात ठेवला.

"दुपारच्या त्या एक ते चारात तू काय काय करायचीस," त्यांनी विचारलं, "सांग की."