शेवटचा माहीत असलेला पत्ता

“कार्डमास्तर, आता तरी हसा की! तुमच्या पोराचं नाव फळ्यावर लागतंय,” फादर दारातूनच म्हणाले.

मास्तरांच्या हातातला शिक्का खाली पडला.

चर्चच्या त्या विद्यापीठात माजी विद्यार्थ्यांचं दप्तर ते एकतीस वर्षं सांभाळत होते. कोण न्यायाधीश झाला, कोण राजदूत, कोण बिशप, सगळ्यांची कार्डं त्यांच्या खणांत होती. माजी विद्यार्थ्यांनी दरवर्षी फॉर्म पाठवायचा आणि मास्तरांनी कार्डावर नवा हुद्दा चढवायचा. त्यातले निवडक नामवंत सभागृहाच्या फळ्यावर सोनेरी अक्षरांत जात. सात वर्षं फॉर्म आला नाही, की कार्ड ‘ठावठिकाणा नाही’ या खणात. हा नियम मास्तरांनीच घातलेला.

मुलगाही इथूनच वकिलीची परीक्षा पास झाला. वकिली करायची नाही, शाळेत शिकवायचंय, म्हणाला. मास्तरांची जीभ घसरली. “शेवटी कारकुनाचं पोर ते कारकुनाचंच!” मुलगा त्याच संध्याकाळी बॅग घेऊन गेला. त्याला नऊ वर्षं झाली. ना पत्र, ना फोन.

पहिल्या वर्षी मास्तरांनीच त्याचा फॉर्म भरला. हुद्दा, कनिष्ठ वकील. मग दरवर्षी बढती. खोटं बोल पण रेटून बोल म्हणतात. मास्तर तर वळणदार अक्षरात बोलले. यंदा पोरगा परदेशातल्या मोठ्या न्यायालयाचा सल्लागार झाला, आणि तिथेच घोळ झाला.

“फादर, ते कार्ड खोटं आहे. सगळे फॉर्म मी भरलेत.”

फादर खुर्चीत बसले. “मग तो आहे कुठे?”

“ते ठाऊक असतं, तर फॉर्म कशाला भरले असते?”

फादर चिडले असते तर बरं वाटलं असतं. ते उठले, मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, “नियमाप्रमाणे करा.”

नियमाप्रमाणे कार्ड त्या खणात टाकण्याआधी शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर एक पत्र जायचं. कार्डावरचा खरा पत्ता एकच होता, मास्तरांच्या घरचा.

तिसऱ्या दिवशी ते घरी पोचले, तर बायको दारातच उभी. डोळे भरलेले, हातात पाकीट.

“अहो, त्याचं पत्र आलंय! मी फोडलं नाही, म्हटलं तुम्ही या.”

“त्याचं नाही गं. त्याला आलंय. आमच्या ऑफिसचं आहे.”

तिला समजायला वेळ लागला. मग तिने पाकीट पदराखाली धरलं. “परत नाही द्यायचं. तो इथंच राहतो. माझं पोर आहे ते.”

“नऊ वर्षं मी हेच करत आलो,” मास्तर म्हणाले. “दे ते इकडे.”

बऱ्याच वेळाने तिने दिलं. आत भरून परत पाठवायचा छापील कागद होता. मजकूर त्यांनीच तयार केलेला, शेकडो अनोळखी घरांना पाठवलेला. ‘सदर व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही.’ खाली कळवणाऱ्याच्या सहीला आणि हुद्द्याला रिकामी जागा.

मास्तरांनी सही केली. हुद्द्यापुढे सवयीने ‘कारकून’ लिहिलं. मग ते खोडलं आणि बाजूला लिहिलं, ‘वडील’.