संन्याशाची हरकत

साळूबाईचा पहिला नवरा चिमाजी बैरागी झाला, तेव्हा त्यानं जिवंतपणीच स्वतःचं श्राद्ध घातलं. गाव जेवून गेलं, आणि तान्ह्या फुलाला मांडीवर घेऊन साळूबाई एकटीच मागं राहिली. पुढं पंचांनी तिला मोकळं केलं. वेल्ह्याकडच्या रखमाजीशी तिचा पाट लागला. त्याला मूलबाळ नव्हतं. फुला त्याच्याच खांद्यावर वाढली.

पोर जाणती झाली तसं रखमाजीनं मनावर घेतलं, की तिला रीतसर दत्तक घ्यायचं. नाहीतर आपल्या माघारी भाऊबंद तिला शेताच्या बांधावर उभं करणार नाहीत. भोरच्या वकिलांनी सांगितलं, "बाप हयात असेल तर मूल त्यानंच द्यावं लागतं. मात्र त्यानं संन्यास घेतला असेल, तर आई देऊ शकते."

मग अडचणच नव्हती. दिवस ठरला, वकील आले, गूळखोबरं मांडलं. तेवढ्यात चिमाजी चेल्यांना घेऊन दारात उभा.

"लेक माज्या कुळाची हाय. माजी हरकत हाय."

वकिलांनी शांतपणे चष्मा पुसला. "महाराज, तुम्ही संन्यासी असाल तर हरकत चालत नाही. संसारी असाल तर चालते. काय लिहू?"

चेले गुरूच्या तोंडाकडं बघू लागले. हा काही मठ सोडत नाही, असं साळूबाईला वाटलं.

"म्या संसारी हाय," चिमाजी म्हणाला.

चेले निघून गेले. दत्तकाचं काम तिथंच अडलं. साळूबाईनं आवाज चढू दिला नाही. "मग न्या लेकीला. कुठं नेताय तेवढं सांगा."

लेकीला ठेवायला घर हवं म्हणून चिमाजी भावाकडं गेला. भाऊ म्हणाला, "तुजं श्राद्ध जेवलोय आमी. आता वाटा कसला?" मठात दुसराच बाबा बसला होता. चार दिवसांनी चिमाजी रखमाजीच्या ओट्यावर येऊन टेकला. फुलानं पाण्याचा तांब्या पुढं केला. "घ्या, बाबा."

चिमाजीचे डोळे भरून आले. दारावर येणाऱ्या हरेक गोसाव्याला ती बाबाच म्हणायची. बापाला, म्हणजे रखमाजीला, ती दादा म्हणे. हे त्याला कुणी सांगितलं नाही.

वकिलांना पुन्हा बोलावणं गेलं. चिमाजीनं आपल्या हातानं पोरगी रखमाजीच्या ओटीत दिली.

"धंदा काय लिहू?" वकिलांनी विचारलं.

चिमाजीनं अंगावरची भगवी कफनी चाचपली.

"शेतमजूर लिवा," रखमाजी म्हणाला. "भातलावणी तोंडावर आलीया. आमाला माणूस पायजेच."

साळूबाईनं रखमाजीकडं रागानं बघितलं. मग ती आत गेली आणि परातीत आणखी दोन मुठी पीठ घेतलं.