माहेरचं लाकूड

ठकुबाईंच्या माहेराला नावं ठेवायची छाती पीण्याच्या अख्ख्या कारखान्यांच्या वसाहतीत कुणाची नव्हती. बाईंच्या कारखान्यात सूत रंगवायला वाफ लागायची ती बॉयलरची, आणि त्या बॉयलरच्या पोटात जळायचं ते लाकूड धाकटा भाऊ नागनाथ म्हैसूर रोडच्या आपल्या वखारीतून धाडायचा. बाजारापेक्षा स्वस्त. बाई चारचौघांत सांगायच्या, "भाऊ असावा तर असा."

सत्त्याण्णव साली मात्र बॉयलर सारखा बसू लागला. धूर ज्या नळ्यांतून जातो, त्यांत डांबरासारखा चिकटा धरायचा. भट्टी विझवा, नळ्या घासा, पुन्हा पेटवा. काही नळ्या तर सडल्या, त्या बदलाव्या लागल्या. मुलगा वासुदेव कधी पाण्याला दोष देई, कधी फिटरला. मामाच्या लाकडाचं नाव काही त्याच्या तोंडून निघेना. बाईंनी फिटर बदलला. नव्याच्याही हाताला तोच चिकटा. पुढं लग्नसराई होती. सूत वेळेवर गेलं नसतं तर सासऱ्यांच्या वेळचं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारी जाणार होतं.

नरकचतुर्दशीच्या पहाटे सुनेनं, श्यामलानं, घरचा बंब त्याच लाकडावर पेटवला. न्हाणीघर धुरानं कोंडलं. बाई अंगाला तेल चोपडून कुडकुडत बसल्या, आणि पाणी काही कोमटाच्या वर जाईना.

"हे कुठलं गं लाकूड? पिळलं तर तांब्या भरेल."

"तुमच्या माहेरचं," श्यामला डोळे पुसत म्हणाली. "बॉयलरलाही हेच घालतात. त्याला बिचाऱ्याला बोलता येत नाही."

"जीभ फार लांबलीय तुझी."

"तुमच्या हाताखालीच लांबली, आई."

बाई कोमट पाण्यानंच न्हाल्या. कळलं होतं, पण गिळवत नव्हतं. माहेरचं परत धाडावं तर भाऊ तुटतो, ठेवून घ्यावं तर कारखाना बसतो.

भाऊबीजेला नागनाथ आला. ओवाळून झालं. त्यानं ताटात रेशमी साडी ठेवली. बाईंनी ती उचलून त्याच्याच मांडीवर ठेवली.

"साडी नको. वाळलेलं लाकूड घाल ओवाळणीत."

"अक्का, सणासुदीला वखारीच्या गोष्टी कशाला?"

"ओलं का पाठवतोस ते सांग."

नागनाथनं निरांजनाकडं बघितलं. "ओलं वजनाला भरतं. वाळवायचं म्हणजे महिनोन्‌महिने छपराखाली अडकून पडतं. मग तुला स्वस्त कसं देऊ?"

"म्हणजे मी इतके दिवस तुझ्याकडून पाणी विकत घेत होते, आणि वर नळ्यांचं श्राद्ध घालत होते." बाई पुढं सरकल्या. "वाळवून दे. बाजारभाव घे, त्यावर स्वल्प जास्त घे. फिटर पोसण्यापेक्षा भाऊ पोसलेला बरा. पण एक ओली ढलपी निघाली, तर अख्खी गाडी तुझ्या दारात ओतीन."

वासुदेवला अचानक ठसका लागला, तो पाणी प्यायला आत गेला.

"सरी, अक्का, तू म्हणशील तसं," नागनाथ कान चोळत म्हणाला. "मागच्या छपरात गेल्या वर्षीचं पडलंय. उद्या तेच धाडतो. पण साडी घे. परत नेली तर तुझी भावजय मला घरात घेणार नाही."

"मग आण इकडे. तिच्यावर कशाला अन्याय?"

दुसऱ्या दिवशी गाडी आली तेव्हा बाई स्वतः फाटकात उभ्या होत्या. त्यांनी दोन ओंडके काढायला लावले, एकमेकांवर आपटून बघितले. खणखणीत वाजले.

"उतरवा," त्या म्हणाल्या, आणि गाडीवाल्यासाठी चहा सांगितला.