आवाज बंद करून पाहिलेला सिनेमा

दादांचा फोन आला तेव्हा मी दवाखान्यात कान तपासायच्या खोलीत एकटाच होतो. आधीचे आजोबा नुकतेच उठून गेले होते आणि त्यांचे हेडफोन मी कापसाने पुसत होतो. दादा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ.

"मग काय ठरलं तुमचं? जाणार का ती?"

"कुठे?"

पलीकडे त्यांनी घसा खाकरला. "काही नाही रे. तिलाच विचार. आणि माझं नाव घेऊ नकोस, नाहीतर माझे दात पाडेल. वर नवे बसवायला पुन्हा तिच्याच दारात जावं लागेल मला."

ती कृत्रिम दात तयार करते. एरवी मी हसलो असतो.

घरी जाऊन मी तिला काही विचारले नाही. विचारले की उत्तर येते. माझ्या कामात एक गोष्ट रोज दिसते: बंद खोलीत हेडफोन लावून बसलेली घाबरट माणसे, मी कोणताही आवाज सोडलेला नसतानाही 'ऐकू आला' म्हणून बोट वर करतात. त्यांना तो खरोखरच ऐकू आलेला असतो. माझेही तसेच झाले. तिने कपाट उघडले की मला त्यातून बॅग काढल्याचा आवाज ऐकू येई. ती मोबाइल टेबलावर पालथा ठेवी, तेवढ्यातही मला तिचा निरोप ऐकू येई. शेजारी झोपलेल्या माणसाचा श्वास इतका परका वाटू शकतो, हे मला ठाऊक नव्हते.

रविवारी दुपारी मी आमचा जुना सिनेमा लावला. त्यातल्या घरमालकाला भाडेकरू म्हणून फक्त जोडपेच हवे असते, म्हणून एक मित्र आणि मैत्रीण नवरा-बायको असल्याचे सोंग करतात, आणि गोंधळ घालता घालता शेवटी खरोखरच लग्न करतात. आमची नुसती मैत्री होती त्या वर्षांत आम्ही तो कितीदा पाहिला याला गणती नाही. तोही आवाज पूर्ण बंद करून, संवाद आपल्या मनाचे भरून. नायक माझ्याकडे, नायिका तिच्याकडे, आणि घरमालकाच्या बोलक्या भुवया ज्याला आधी सुचेल त्याच्याकडे. "तुमचं पण असंच होणार बघा," असे दादा म्हणाले की आम्ही पोट धरून हसायचो. मग आमचे तसेच झाले. लग्नानंतर मात्र हा खेळ आम्ही एकदाही खेळलो नव्हतो.

मी आवाज बंद केला. ती सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला, उशी पोटाशी धरून बसली होती. पडद्यावर घरमालक न्हाणीघरातले दातांचे ब्रश तपासू लागला.

"ब्रश दोन आणि पेस्ट एकच? म्हणजे संसार सुखाचा दिसतोय!" मी घरमालकाच्या घोगऱ्या आवाजात म्हणालो.

ती हसली नाही. दृश्यामागून दृश्ये सरकत राहिली, आणि मी एकटाच दोघांचे बोलत राहिलो, अंधाऱ्या रस्त्यावर उगीच मोठ्याने बोलणाऱ्या माणसासारखा.

मग स्वयंपाकघराचे दृश्य आले. नायिका ओट्याशी पाठमोरी, नायक दारात. नायिका वळली, तिचे ओठ हलले, आणि सोफ्यावरून आवाज आला. त्यात नाटकीपणा नव्हता.

"मला दुसऱ्या शहरात काम मिळालंय. दोन वर्षांसाठी."

नायक खो खो हसत होता. आता पाळी माझी होती. जीभ सवयीने चालली.

"अरे वा! जा ना मग. छानच आहे."

तिने रिमोट ओढून घेतला आणि चित्र थांबवले.

"हे कोण बोललं? हिरो की नवरा?"

मी रिमोटसाठी हात पुढे केला, तिने तो दिला नाही.

"म्हणूनच सांगत नव्हते तुला. लग्नाआधी मी केस कापायचे म्हटलं तरी तासभर भांडायचास. तेव्हा मी ज्या मुलाच्या प्रेमात पडले होते, त्याला तोंडावर उकडलेला बटाटा म्हणालास. आणि आता? उद्या भिंतींना काळा रंग देऊ म्हटलं तरी म्हणशील, छान! भीती वाटते मला तुझी."

"माझी?"

"तुझ्या त्या 'छान'ची. मी गेले तर तुला काही होणार आहे की नाही, तेच कळत नाही मला."

मैत्रीण भांडली तर रुसते. बायको भांडली तर निघून जाते, असे माझ्या मनाने कधीतरी, मला न विचारताच, ठरवून टाकले होते. म्हणून मी घरात पाय न वाजवता चालणाऱ्या पाहुण्यासारखा राहिलो, आणि तिला मात्र त्या घरात कुणी राहतच नाही असे वाटत राहिले.

"जाऊ नकोस," मी म्हणालो. आवाज इतका चिरका निघाला की मीच दचकलो. "दोन वर्षं? वेड लागलंय का तुला? आणि ते कामही काहीतरी फालतूच असणार."

ती ताठ बसली. "फालतू? तुला काय कळतं रे त्यातलं? तिथे अख्खा जबडा छापून काढतात यंत्रावर!"

"यंत्रच काढतंय ना? मग तू कशाला हवीस?"

तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तिने उशी बाजूला फेकली आणि मांडी घालून माझ्याकडे वळली.

"ऐका, मौनीबाबा. पहिल्यापासून सांगते सगळं. जिथे पटणार नाही तिथे नाही म्हणायचं. स्पष्ट. कळलं?"

ती सांगू लागली: खोली कुठे मिळेल, शिकवणारे कोण आहेत, सुट्टी केव्हा असते. बोलता बोलता तिचे डोळे असे चमकत होते की ती जाणार, हे मला दिसतच होते. भीती तसूभरही हलली नव्हती. तरी तिचे वाक्य पुरे व्हायच्या आत मी स्पष्ट म्हणालो, "नाही."