परकं कबूतर

"तात्या, बसा की जरा खाली. तुमच्यामुळं माझी पाखरं बिथरत्यात," सिद्धू म्हणाला, तेव्हा मला कळलं की मी पुन्हा खुर्चीतून उठलोय.

सकाळपासूनची ही आठवी खेप असेल. पंचाने खुर्चीत बसायचं, नजर वर ठेवायची आणि तोंड बंद ठेवायचं. हे नियम मीच लिहिलेत. आमचं कबूतर मंडळ कऱ्हाडात निघालं तेव्हा मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. एकतीस वर्षं स्टँडवरच्या केबिनमध्ये बसून गाड्या आल्या-गेल्याच्या वेळा लिहिल्या, एकदाही पाच मिनिटं इकडची तिकडं केली नाहीत. त्यामुळे कबुतरांच्या वेळांचं कामही सगळ्यांनी माझ्याच गळ्यात घातलं.

स्पर्धा साधी असते. सकाळी साडेसहाला प्रत्येकाने आपली पाच कबुतरं सोडायची. आदल्या दिवशी मंडळाने त्यांच्या पंखावर शिक्के मारलेले असतात. जे कबूतर सगळ्यात जास्त वेळ आभाळात राहील आणि आपल्याच गच्चीवर उतरेल, ते जिंकलं. लबाडी नको म्हणून प्रत्येक गच्चीवर दुसऱ्याच सभासदाला पंच बसवायचा, तोही चिठ्ठी टाकून. शेवटचं कबूतर उतरेपर्यंत पंचाने जागा सोडायची नाही.

यंदा माझी चिठ्ठी निघाली सिद्धूच्या गच्चीची. म्हणजे माझ्याच गच्चीची.

सोमवार पेठेतल्या या भाड्याच्या घरात मी बेचाळीस वर्षं काढली. ही टाकी, ही कपड्यांची तार, हा कठडा, सगळं माझ्या हाताखालचं. आठ महिन्यांपूर्वी माझ्या बायकोचे, मालनचे गुडघे अगदीच गेले. हिला जिना चढवेना. जयराजने, आमच्या मुलाने, नदीपलीकडे विद्यानगरला लिफ्टवाल्या इमारतीत फ्लॅट घेतला होता, तिकडे आम्ही गेलो. ही जागा घरमालकाने सिद्धूला दिली. सिद्धूचं वेल्डिंगचं दुकान आहे. कबुतरांचा नाद त्याला माझ्याकडे बसून बसूनच लागला. त्याच्यावर राग धरावा तर काय म्हणून? तरी सकाळी वर आलो आणि माझ्या ढाबळीला, कबुतरांच्या त्या खुराड्याला, त्याने निळा रंग फासलेला बघितला, तेव्हा नखाने तो जरा खरवडलाच.

चिठ्ठी निघाली त्याच संध्याकाळी आमच्या मंडळाच्या कोंडीबाने मला बाजूला घेतलं होतं.

"मानसिंग, बदलून घी चिठ्ठी. मी बसतो सिद्धूकडं. तू काजळी सोडणार हायस नव्हं?"

"मग?"

"मग काय? तिचं जुनं घर हाय ते. तितं तू बसलेला दिसलास तर?"

"आभाळातनं काय माणसं वळखतीया व्हय ती?" मी त्याला उडवून लावलं.

खरं सांगायचं तर मला त्या गच्चीवर एक दिवस बसायचं होतं. बाकी काही नाही. तसं कोंडीबाला सांगायची लाज वाटली. शेवटी कोंडीबाच माझ्या नव्या गच्चीवर पंच म्हणून बसला, आणि माझी कबुतरं जयराजने सोडली.

काजळी म्हणजे माझी सहा वर्षांची मादी. डोळ्याभोवती काळी कड आहे तिच्या, म्हणून ते नाव. याच ढाबळीत अंड्यातून निघाली. घर बदललं की जुनं कबूतर उडवायचं नसतं, हे कबूतर पाळणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. ते जुन्याच छपराकडे जातं. म्हणून त्याला कोंडून ठेवायचं आणि त्याची पिल्लं तेवढी उडवायची. मीही सात महिने काजळीला कोंडूनच ठेवलं. भुऱ्या नावाच्या नराशी जोड लावली, दोन पिल्लं काढली. मग गेल्या महिन्यात दोनदा सोडून बघितलं आणि दोन्ही वेळा ती नव्या गच्चीवर येऊन उतरली! मी तर खुळाच झालो. मालनला खाली जाऊन पेढा दिला.

"एवढं काय त्यात?" ती म्हणाली.

तिला काय सांगणार? मला त्या फ्लॅटात झोप लागत नव्हती. पहाटे उठून मी बंद दारापाशी चपला घालून उभा राहायचो, आणि जायचं कुठं ते आठवायचं नाही. काजळीला नवं घर मानवलं, तर मलाही मानवेल, असं मी मनाशी धरून बसलो होतो. स्पर्धेत ती तिकडे उतरली की झालं. मग मी पण तिकडचा.

साडेअकराला सिद्धूचं पहिलं कबूतर उतरलं. मी वेळ लिहिली. बाराला दुसरं, साडेबाराला तिसरं. एप्रिलचं ऊन कठड्यावर रटरटत होतं. मंडळाच्या ग्रुपवर कोंडीबा माझ्या गच्चीवरच्या वेळा टाकत होता. एक वाजेपर्यंत माझी चार उतरली. काजळी वरच. साडेसहा तास! सिद्धूची दोन सोडली तर मंडळात आज तिच्याइतकं कुणीच टिकलं नव्हतं. तिने आता फक्त घरी उतरायचं बाकी होतं. माझा पाय हलायचा थांबेना.

"तात्या, ताक घ्या," सिद्धू म्हणाला.

"नगं."

"आवं घ्या वं. सकाळपासनं तोंडात पाणी न्हाई तुमच्या."

मी पेला घेतला आणि वर बघितलं. नदीच्या अंगाला एक ठिपका होता. तो वाढत वाढत खाली येत होता. सिद्धूची दोन वर होती, पण हे उडणं त्यांचं नव्हतं. डावा पंख किंचित आधी मिटायची लकब मी झोपेतही ओळखली असती.

'नगं,' मी मनात म्हणालो, 'पलीकडं जा. माझे आई, पलीकडं जा.'

तिने गच्चीवर एक घिरटी घातली, दुसरी घातली, आणि पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्यावर, तिच्या नेहमीच्या जागेवर येऊन बसली. चोच उघडी, छाती धपापत होती. माझ्याकडे बघितलं तिने. खोटं सांगत नाही, माझ्याचकडे बघितलं.

एक वाजून बावन्न मिनिटं.

सिद्धूला कळायला वेळ लागला नाही. तो पटकन माझ्याजवळ आला.

"तात्या, टाळी वाजवा."

मी पेला खाली ठेवला.

"अजून वेळ हाय. पाय टेकलं म्हणून काय झालं? एक टाळी वाजवा, उठंल ती. तुमच्या गच्चीवर गेली तर नंबरात यील ती. मी तोंड फिरवतो. म्या काय बगितलं न्हाई."

आणि खरंच तो पाठ फिरवून नदीकडे बघत राहिला. भला माणूस.

माझे दोन्ही हात वर आले होते. त्यांच्यात वीतभर अंतर होतं. माझ्या टाळीने ती उठली असती, यात शंका नाही. सहा वर्षं त्या टाळीवर उठली होती. पण ती थकून, तहानेने, आपल्या घरी येऊन बसली होती. आणि समजा मी इथे नसतो, कोंडीबाचं ऐकलं असतं, तर गेली असती का नदीपलीकडे? कदाचित गेली असती. मीच तिला खाली बोलावलं, इथे बसून. त्या क्षणी मला स्वतःची इतकी चीड आली की बस्स.

मी हात खाली घेतले, पेन काढलं. परकं कबूतर गच्चीवर उतरलं तर पंचाने वेळ आणि शिक्का लिहायचा, हाही नियम माझाच. तक्त्यात लिहिलं : 'परकं कबूतर, १.५२, शिक्का क्रमांक ३४.' 'परकं' लिहिताना पेन अडलं. मी पुन्हा गिरवलं.

"सिद्धू," मी म्हणालो, "पाणी ठेव तिला."

त्याने माझाच जुना जर्मनचा वाडगा भरून आणला. ती टाकीवरून उतरली, पाणी प्याली आणि निळ्या ढाबळीत चालत गेली, बाजारातून आलेली बाई घरात शिरते तशी.

सिद्धूची दोन कबुतरं अजून वर होती, त्यामुळे मला उठता येत नव्हतं. तीन तास मी त्या खुर्चीत बसलो. ढाबळीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण दर दोन मिनिटांनी बघत होतो. चारच्या सुमारास मालनचा फोन आला.

"आवं, कोंडीबाभाऊजी इचारत्यात, काजळी कुटं हाय? आन् तो भुऱ्या निस्ता येरझाऱ्या घालतोय जाळीत. दाणा टाकला तर बगत बी न्हाई."

"उतरली," मी म्हणालो. "हिकडं उतरली."

ती म्हणाली, "तुमी कवा येणार?"

पाच वाजून दहा मिनिटांनी सिद्धूचं शेवटचं कबूतर उतरलं. मी वेळ लिहिली, सही केली, तक्ता त्याच्या हातात दिला. त्याने तो धड बघितलाही नाही. काजळीला दोन्ही हातांत धरून तो माझ्यापुढे उभा राहिला.

"घेऊन जावा, तात्या. उतरलेलं पाखरू गच्चीवाल्याचं, ही रीत तुमच्यासाटी न्हाई."

मी तिच्या डोक्यावरून एक बोट फिरवलं. तिचं काळीज अजून धडधडत होतं.

"राहू दे. तिचं घर हाय हे." मी म्हणालो, "उद्या भुऱ्याला आणून देतो. जोड मोडायची न्हाई."

"आन् तुमी?"

"माझी जोड तिकडं हाय गड्या. ती जेवायची थांबली असंल."

सिद्धूने मान खाली घातली. मी चपला घातल्या आणि जिना उतरायला लागलो. वरून चौथी पायरी फुटकी आहे, तिच्यावर पाय द्यायचा नाही. बेचाळीस वर्षं तिच्यावरून टांग टाकून उतरलोय. आजही कठडा धरून टांग टाकली.

"तात्या," वरून सिद्धूचा आवाज आला, "ती पायरी मी कवाच नीट केलीया वं."

"म्हाईत हाय," मी म्हणालो आणि खाली उतरलो.